सात अंगणांची पिशवी

"हा खांदा माझा नाहीच मुळी. कुणाचा तरी उतरवून मला लावलाय," हामरोकुल उशीत तोंड खुपसून पुटपुटला.

त्याच्या पाठीशी बसून त्याची बायको सदबर्ग दुंब्या मेंढीच्या शेपटीची चरबी त्याच्या उजव्या खांद्यात जिरवत होती. "मग ज्याचा असेल त्याला परत देऊन या," ती म्हणाली. "माझं रोजचं चोळणं तरी वाचेल."

"चोळतेस तेही एका हाताने. दुसऱ्या हाताला काय सुट्टी आहे?"

"दुसऱ्या हाताने माशा हाकतेय."

"पानगळीत कुठल्या माशा?"

"लांबून लांबून येतात. मीराबाचा खांदा बघायला."

तो हसला, हसताना खांदा हलला आणि हसण्याचं निम्म्यातच कण्हणं झालं. सदबर्गने डावा हात मांडीवरून उचलला नाही. झग्याच्या घडीत तो झोपलेल्या मांजरासारखा ठेवून दिला होता. मांजर उठवलं तर ओरबाडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हामरोकुल एकतीस वर्षं या गावाचा मीराब होता. मीराब म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा. कुणाच्या बागेची पाळी कधी, कुणाचं दारं किती वेळ उघडं ठेवायचं, कुणाच्या बांधाला उंदरांनी भोकं पाडलीत, सगळं त्याच्या डोक्यात. इस्फारा नदीच्या वरच्या अंगाला, या जर्दाळूंच्या गावात, मुल्लाशी भांडून राहता येतं. मीराबाशी भांडून राहता येत नाही. पण हामरोकुलशी भांडावं असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वसंतात रेशमाच्या किड्यांसाठी तुतीच्या फांद्या तोडताना तो झाडावरून पडला. हाड जुळलं. हाडाभोवतीचं मांस मात्र रुसलं ते रुसलंच.

पाणी बांधायचा दिवस आता आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी सगळं गाव पाटाच्या तोंडाशी मोठ्या चिनाराखाली जमतं. हिवाळ्यासाठी फळी शेवटची खाली सोडतात, कढईत पुलाव शिजतो, आणि जेवणाआधी म्हातारे रहमत-बोबो दाढीवरून हात फिरवत विचारतात, "पुढच्या साली पाणी कोण सोडणार?" दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "हामरोकुलच," आणि हामरोकुल फावड्याचा दांडा तीनदा दगडावर आपटतो. झालं. पण गेल्या वर्षी ते "हामरोकुलच" एक श्वासभर उशिरा आलं. बाकी कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. सदबर्गच्या कानात मात्र तो एक श्वास वर्षभर थांबून होता. यंदा दोन श्वास गेले तर? तीन गेले तर? फावडं काढून घेतलं तर हा माणूस पहाटे उठून कुठे जाईल, हे तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. रिकाम्या हातांनी अंगणात उभा राहिलेला हामरोकुल तिने कधी पाहिलाच नव्हता.

आणि म्हणून तिचाही खांदा दुखत होता. डावा.

पाटाच्या तोंडाची फळी तुतीच्या लाकडाची, दाराएवढी रुंद. रात्रीचं पाणी खालच्या गावाचं, दिवसाचं आपलं, म्हणून ती रोज संध्याकाळी खाली जाते, रोज पहाटे वर येते. खाली सोडायला काही लागत नाही. पण रात्रभरात लाकूड फुगतं, गाळ बसतो, आणि पहाटे ती खाचेतून उपसायची म्हणजे बैलाच्या तोंडून गवत काढण्यासारखं. या वसंतात एक दिवस हामरोकुल चहाची किटली घरी विसरला म्हणून सदबर्ग त्याच्या मागे गेली. पॉप्लरच्या झाडांआडून तिने पाहिलं. तो डाव्या हाताने फळी ओढत होता आणि कपाळ फळीला टेकवून तिला काहीतरी सांगत होता. रागावून नाही, आजारी जनावराशी बोलावं तसं. सदबर्ग किटली घेऊन तशीच मागे फिरली. त्या दिवशी त्याने घरी येऊन विचारलं, "चहा का नाही आणलास?" ती म्हणाली, "विसरले. तुम्हीच एकटे विसरायचा मक्ता घेतलाय का?"

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या आधी उठू लागली. गाय पिळायची म्हणून. गोठ्यामागच्या वाटेने ती पाटावर जायची, पाय रोवून, डावा खांदा फळीखाली घालून ती उपसायची, बुडाचा गाळ काढायची आणि फळी पुन्हा हलकेच खाचेत ठेवायची. पण ठेवताना खाली चिंध्यांची गादी घालायची, म्हणजे फळी रुतणार नाही आणि पाणीही झिरपणार नाही. मग उजाडताना हामरोकुल यायचा आणि दोन बोटांनी फळी वर घ्यायचा. पाणी सुटायचं, चिंध्या पाण्याबरोबर निघून जायच्या. सगळं कसं साफ.

पहिले आठ दिवस तिने हे नवऱ्यासाठी केलं. नंतरचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर ती स्वतःसाठी जाऊ लागली. त्या वेळचं पाणी वेगळं असतं. ते लगेच बोलत नाही. आधी नुसता थंड श्वास सोडतं. ती अर्धवट झोपेत उभी असायची, पायाखाली ओलं गवत, वर शेवटच्या दोन चांदण्या, आणि कधीकधी तिला वाटायचं की आपण घरात गोधडीतच आहोत आणि हे पाणीच आपल्याला स्वप्नात बघतंय. परत येताना ती म्हाताऱ्या मस्तोना-खोलाच्या, म्हणजे मस्तोनामावशीच्या, फाट्यावर थांबायची आणि पाणी दुभागणारा दगड वीतभर सरकवायची. मस्तोनाची बाग पाटाच्या शेपटीला. तिथे पाणी जायचं ते पाहुण्याच्या पाहुण्यासारखं. हा दगड सरकवायला हामरोकुलने सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्या मनाने एवढीशी गोष्ट केली की माणूस किती उंच होतो, याचं सदबर्गला अठ्ठावन्नाव्या वर्षी नवल वाटत होतं.

पण खांद्याला नवल वाटत नव्हतं. तो दुखायचा.

*

"अपा, मीराबांचा खांदा कसाय?" भिंतीपलीकडून झेबिनिसोने विचारलं. झेबिनिसो शेजारीण, सदबर्गला ती अपा, म्हणजे ताई, म्हणायची. तिची मान त्या भिंतीवर कायमची ठेवलेली असायची, जसे दुसऱ्यांच्या भिंतीवर भोपळे ठेवलेले असतात. विचारलं मीराबाबद्दल, पण बघत होती सदबर्गच्या डाव्या खांद्याकडे.

"चरबी लावतेय रोज."

"चरबीने काय होतंय? चरबीने मांजरं गोळा होतात. शेक लागतो शेक. जर्दाळूच्या बियांची पिशवी कर. सात अंगणांतल्या बिया पाहिजेत मात्र."

"गरम व्हायला आमच्या एकाच अंगणातल्या चालत नाहीत का?"

"गरम होतील. पण ज्याने सगळ्यांना पाणी दिलं त्याचं दुखणं एका घराच्या बियांनी कसं उतरेल? माझी आजी असंच करायची."

"तुझी आजी सगळंच करायची. आता मी सात घरी हात पसरत फिरू?"

"हात कशाला, परात घे," झेबिनिसो म्हणाली. ती खाली गेली आणि दोन ओंजळी बिया घेऊन वर आली. "घे. पहिलं घर माझं. आणि पिशवीला ठिगळंही लागतील ना. हे घे."

बियांच्या वर एक चिंधी होती. धुतलेली, इस्त्री केलेली, चौकोनी घडी घातलेली. जांभळ्यावर पिवळ्या ज्वाळा.

सदबर्गने ती उलटीपालटी करून पाहिली. अशा कापडाचा झगा गावात एकच होता. मुलीच्या लग्नात तिने स्वतः शिवलेला, अर्धं रेशीम अर्धं सूत, आणि त्या लग्नाला आलेल्या प्रत्येक बाईने तो बोटांत धरून पाहिलेला. या वसंतात तिनेच तो फाडला होता, जाड आहे, पाण्यात छान फुगेल म्हणून. आता तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. पाण्यात टाकलेली वस्तू पाळीने घरोघर जाते. एकतीस वर्षं मीराबाच्या घरात राहून एवढं साधं तिला सुचलं नव्हतं.

"कुठला गं हा तुकडा?" तिने विचारलं.

"घरातच पडला होता कुठेतरी."

"रंग ओळखीचा वाटतो."

"बाजारात अशा रंगांचं काय, ढीग पडलाय," झेबिनिसो म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही न बोलता भिंतीवरून खाली उतरली.

दुसरं घर इस्मत मुअल्लिमचं. शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस ओसरीवर हातोडीने बिया फोडत बसला होता. मगज एका वाडग्यात, कवचं दुसऱ्यात.

"या, यांगा," तो म्हणाला. यांगा म्हणजे वहिनी. गावातले निम्मे पुरुष तिला यांगाच म्हणत. "शेकासाठी बिया? न फोडलेल्या न्या. फोडलेल्या कवचाला धार असते, टोचतं. शिवाय आत मगज असला की उष्णता हळू शिरते आणि हळू निघते. मात्र आच मंद ठेवा, नाहीतर फुटतात. एकदा वर्गात मी प्रयोग करून दाखवला होता."

"मग?"

"मग मुलांना दोन दिवस सुट्टी द्यावी लागली." त्याने पोतं पुढे ओढलं आणि मीरसंजाली जर्दाळूच्या गोल बिया परातीत ओतल्या. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, बाजूच्या जाड पुस्तकात खूण म्हणून घातलेली जांभळी-पिवळी पट्टी हळूच ओढून काढली आणि बियांवर ठेवली. "हेही असू द्या. माझी पानं मला पाठ आहेत."

"मुअल्लिम, ही पट्टी—"

"वसंतात आली होती," तो हातोडी उचलत म्हणाला. "यांगा, यंदा सकाळचं पाणी कधी चुकलं नाही. एकदाही नाही. मी घड्याळ लावून बघत होतो." आणि हातोडी बीवर मारायच्या ऐवजी अंगठ्यावर मारून घेतली.

तिसरं घर, चौथं घर, पाचवं, सहावं. प्रत्येक ठिकाणी चहा, प्रत्येक ठिकाणी ओंजळभर बिया आणि त्यांच्यावर घडी केलेला एक तुकडा. एका घरात तो सुईच्या गादीला लावलेला होता, तो उसवून दिला. एका घरात बाळाच्या टोपीवर शिवलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून. त्याला मात्र तिनेच नको म्हटलं, तर बाळाच्या आईने अर्धा कापून दिला. सगळ्या बायका मीराबाच्या खांद्याबद्दल विचारत होत्या आणि तिच्या खांद्याला हात लागणार नाही असं जपून मिठी मारत होत्या. सदबर्ग परात डोक्यावर घेऊन चालत राहिली. जर्दाळूची पानं लाल होऊन गळत होती, छपरांवर भोपळे सुकत होते, आणि तिला वाटत होतं की आपण अंगात काही न घालता गावातून फिरतोय, आणि गाव इतकं सभ्य आहे की आकाशाकडे बघतंय.

सातवी मस्तोना-खोला. ऐंशीच्या घरातली, एकटी. तिच्या कंदक जातीच्या एकुलत्या एका म्हाताऱ्या झाडाखाली खाट टाकून बसली होती. झाडाच्या फांदीला जांभळी-पिवळी चिंधी बांधलेली होती, नवसाची बांधतात तशी.

"बस," म्हातारी म्हणाली. "ती सोड फांदीवरची. माझा हात पोचत नाही आता."

"राहू दे, खोला. नवस असेल तुमचा."

"नवस फिटला. ती आली त्या दिवशीच फिटला." मस्तोनाने बियांची थैली पुढे सरकवली. "ऐक. इतकी वर्षं माझ्याकडे पाणी यायचं ते पुरुषमाणसासारखं. फाटकातून डोकावायचं, काय, बरं आहे ना, म्हणायचं आणि चालू पडायचं. यंदा पाणी आत आलं. बसलं. चहा घेतला. माझ्या या म्हाताऱ्याला," तिने झाडाच्या खोडावर थापटलं, "सात वर्षांनी फळ धरलं."

सदबर्गने चवड्यांवर उभं राहून फांदीवरची गाठ सोडली.

"अजून एक साल असं पाणी मिळालं तर मी हिवाळा काढीन," म्हातारी म्हणाली. "न मिळालं तर काय, तसाही काढीन, पण कुरकुरत काढीन. मी काही बोलले नाही हं. माझे दात नाहीत, माझं बोलणं कुणी धरत नाही."

*

बिया तिने राखेच्या पाण्यात धुतल्या आणि छपरावर दोन दिवस उन्हात पसरल्या. वाळल्यावर त्या आपसात कुजबुजल्यासारख्या वाजायला लागल्या. चिरलेल्या, किडक्या वेगळ्या काढल्या. आतली पिशवी जाड मांजरपाटाची केली, कारण रेशमी धागा आचेला टिकत नाही. आणि वरचा अभ्रा त्या सात तुकड्यांचा. तुकडे जमिनीवर मांडून जोडता जोडता तिच्या लक्षात आलं की ते एकमेकांना बरोबर बसताहेत. जवळजवळ एक अख्खी बाही झाली. गावभर फिरून, पाण्यात भिजून, फांदीवर वाळून बाही घरी आली होती. सदबर्गला हसू आलं आणि तिने ते सुईबरोबर दातांत धरलं.

आकार खांद्याचा हवा. गळ्याकडे निमुळता, दंडाकडे रुंद. मापाला नवरा जवळ नव्हता, म्हणून तिने आपल्याच खांद्यावर ठेवून बघितलं, खुणा केल्या, दोन नाड्या लावल्या. एक काखेतून, एक छातीवरून.

सकाळच्या नान काढून झाल्या होत्या. तंदूर मरायला आला होता. तिने बिया तव्यावर घेतल्या, तवा तंदुराच्या तोंडावर ठेवला आणि लाकडी चमच्याने ढवळत राहिली. बिया तापल्या की त्यांचा आवाज बदलतो; आधी ओल्या खड्यांसारखा, मग कोरडा, पातळ, घंटेच्या जवळचा. मग वास येतो, कडू बदामासारखा, आणि त्याच्यामागे कुठेतरी उन्हाळा. तिने पिशवी भरली, तोंड शिवलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. चटका नाही, नुसती ऊब.

एकदा करून बघायला हवी, तिने स्वतःला सांगितलं. भाजली तर कोण बोलणी खाणार? हामरोकुल बागेत होता. तिने पिशवी डाव्या खांद्यावर बांधली, भिंतीला टेकली आणि पाय पसरले.

ऊब आधी कातडीवर थांबली, परक्या घरात आल्यासारखी. मग आत आली. मग आणखी आत, जिथे फळी रुतून बसली होती तिथे. सदबर्गचे डोळे मिटले. आणि ती पाणी झाली. तोंडाशी फळी उठली आणि ती पाटातून निघाली, कुणाची घाई नाही. झेबिनिसोच्या भिंतीखालून ती गेली आणि भिंतीवर भोपळा हसला. मुअल्लिमच्या अंगणात ती पुस्तकाच्या पानांमधून वाहिली आणि एकही अक्षर भिजलं नाही. बाळाच्या पाळण्याखालून गेली. सगळ्या झाडांना एकाच वेळी पांढरा मोहोर होता आणि एकाच वेळी पिकलेली फळं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. शेपटीला मस्तोना-खोला पियाला धरून उभी होती. आलीस? बस, म्हणाली. आणि पाणी बसलं. कुणीतरी तिच्यावरून हात फिरवत होतं, पाण्यावरून फिरवावा तसा, वरवर, लाट उठू न देता.

ती जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. दुपार टळली होती. अंगावर गोधडी होती. ती तिने घेतल्याचं आठवत नव्हतं. आणि खांद्यावरची पिशवी गरम होती.

सदबर्गने पिशवीवर हात ठेवला आणि बराच वेळ विचार केला. अशी पिशवी अर्धा तास ऊब धरते, फार तर पाऊण. ती सकाळी निजली होती. उन्हाने तापली असेल, तिने ठरवलं. ऊन तिच्यापासून चार हात लांब होतं, पण तिने ठरवलं.

बागेतून हामरोकुलच्या खोकण्याचा आवाज आला. आपण बागेतच आहोत हे कळावं म्हणून खोकतात तसा.

रात्रीच्या जेवणाआधी तिने पिशवी त्याच्या खांद्यावर ठेवली. नाडी काखेतून घ्यायला गेली तर पोचेना. दुसरी गळ्यावर येऊन बसली, गाढवाच्या लगामासारखी.

"नाड्या उलट्या लागल्यात," तो म्हणाला.

"उलट्या कशा? माप घेऊन लावल्यात."

"कुणाचं?"

तिने नाडी ओढली. "फिरवून बांधा. तुम्हाला फुकटचं मिळालं तरी खोड काढायचीच असते."

त्याने फिरवून बांधली. पिशवी तिरपी राहिली. तो एकेका ठिगळावर बोट फिरवत होता, पाळ्यांची यादी वाचावी तसा. "कुणाकुणाच्या बिया?"

तिने सात घरं सांगितली. प्रत्येक नावाला तो मान हलवत होता. "मुअल्लिमचं झाड मी लावलेलं," तो म्हणाला. मग, "मस्तोनाच्या झाडाला यंदा फळ धरलं, नाही?"

"म्हणे."

"सात वर्षांनी."

"म्हणे."

"छान ऊब आहे," हामरोकुल म्हणाला. मग चहा थंड होईपर्यंत दोघंही त्या पिशवीकडे बघत बसले.

*

पाणी बांधायच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. चिनाराखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका कढईभोवती, पुरुष झाडाभोवती. हामरोकुल पिशवी खांद्यावर लावूनच आला होता, तिरपी, वाटेत दोघांनी विचारलं तर म्हणाला, "औषध आहे. सात घरांचं." आल्या आल्या त्याने ती सोडली आणि कढईच्या चुलीच्या दगडावर तापायला ठेवली.

"जळेल," सदबर्ग म्हणाली.

"लक्ष आहे माझं," तो म्हणाला. बायकोशी तो असाच बोलायचा, तोडकं. चारचौघांत तर तिला नावानेही हाक मारायचा नाही. सदतीस वर्षांच्या संसारात ती लोकांपुढे 'शेरअलीची आई' होती, नाहीतर 'घरातली', नाहीतर नुसतंच "ऐकलं का".

फळी खाली गेली. पाटातलं पाणी आधी बारीक झालं, मग धाग्याएवढं, मग नुसता ओला दगड.

रहमत-बोबोंनी दाढीवरून हात फिरवला. "तर मग," ते म्हणाले, "पुढच्या साली पाणी कोण सोडणार?"

एक श्वास गेला.

सदबर्ग गाजराच्या फोडींकडे बघत होती. दुसरा श्वास गेला. कुणीतरी पियाल्यातला चहा फिरवला. इस्मत मुअल्लिमने चष्मा काढला. झेबिनिसोची कढईतली पळी थांबली आणि तेल आपलं आपण तडतडत राहिलं. "हामरोकुल-अका तर..." मागून एक आवाज निघाला आणि तिथेच बसला. तिसरा श्वास. सगळं गाव आपापल्या पियाल्यात काहीतरी हरवल्यासारखं बघत होतं. म्हणा ना कुणीतरी, सदबर्ग मनात म्हणत होती, नेहमीचं तेच म्हणा, मी अजून दहा वर्षं गाय पिळायला उठेन. आणि त्याच वेळी तिच्या पोटात कुठेतरी पहाटेचं पाणी थंड श्वास सोडत होतं, आणि ते म्हणत होतं, नका म्हणू.

हामरोकुल उठला. फावडं त्याने बसल्या जागीच ठेवलं. तो रहमत-बोबोंकडे गेला नाही, कढईकडे आला. बायका बाजूला सरकल्या. वाकून त्याने डाव्या हाताने चुलीच्या दगडावरची पिशवी उचलली, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, आणि सदबर्गच्या डाव्या खांद्यावर ठेवली. एक नाडी काखेतून, एक छातीवरून. गाठ मारायला त्याला दातांची मदत घ्यावी लागली. नाड्या जिथे यायला हव्या तिथे बरोबर आल्या.

"अशी बसते ही," तो म्हणाला, जणू एवढंच दाखवायला उठला होता.

मग तो वळला. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून एक त्याने पिशवीवरच राहू दिला.

"बोबो," तो म्हणाला, "दोन वर्षं झाली, माझ्याने फळी उचलत नाही. पाणी सदबर्ग सोडते."